पाळण्यापासून कॉटपर्यंत : तान्ह्याच्या निजेचा इतिहास

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना रोह्याच्या एका कुटुंबाने नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावले होते. घरातील कर्ता मुलगा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे, सून पेणची. तिला सातवा महिना होता. प्रार्थना झाली, खोल्याखोल्यांतून पवित्र जल शिंपडून झाले आणि शेवटच्या खोलीत आम्ही थबकलो. पलंगाला लागून एक लहानशी चौकट उभी होती. तीन बाजूंना जाळीच्या भिंती, चौथी बाजू पलंगाकडे उघडी. "फादर, ही बाळाची कॉट. रात्री बाळ माझ्या शेजारीच राहील, पण आपल्या जागेवर," सून म्हणाली. दारात उभ्या असलेल्या आजींना ते रुचलेले दिसले नाही. "आमच्या घरात सगळी पोरं झोळीत नि आईच्या कुशीत वाढली. तुम्हीच सांगा फादर, आईच्या कुशीतून पोर बाहेर काढायचं, हे कुठलं शास्त्र?"

आजींना त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. कॉटवरही पवित्र जल शिंपडले आणि चहाला बसलो. पेणचे पोह्याचे पापड आले, विषय निघून गेला. परतीच्या वाटेवर कुंडलिकेचा पूल ओलांडताना मात्र तो प्रश्न सोबत आला. त्यास कारण होते. गुरुदीक्षा होऊन एकदोन वर्षेच झाली असताना, दुसऱ्या एका गावी, आम्ही अडीच महिन्यांच्या बालकाचा दफनविधी केला होता. रात्री आईजवळ निजलेले मूल सकाळी उठलेच नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. दफनभूमीत बायका कुजबुजत होत्या, "अंगाखाली आलं असणार." ती कुजबुज आमच्या कानी आली, तशी आईच्याही गेली असणार. देवाच्या इच्छेविषयी दोन वाक्ये बोलून आम्ही परतलो; कुजबुजीविषयी काहीच बोललो नाही. बोलण्याइतके आम्हांला ठाऊकही नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो. तान्हे मूल रात्री कोठे निजते हा विषय कोणत्याही तासाला निघाला नाही. म्हणजे तो त्या इतिहासात नव्हता असे नव्हे. चांगलाच होता, हे पुढे वाचताना कळले.

प्रथम आपल्याच घरात पाहू. पेण, रोहा, अलिबाग, माणगाव हा मुलूख १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. येथील जुने घर मातीच्या किंवा कुडाच्या भिंतींचे, वर कौले आणि माजघरावरून आडवी गेलेली जाड तुळई. त्या तुळईला एक लोखंडी कडी असे. घरात मूल नसे तेव्हा ती कडी रिकामी लोंबे. मूल आले की तिला पाळणा लागे. ऐपतीच्या घरी तो सागवानी, कातीव दांड्यांचा, पितळी साखळ्यांचा. वर रंगीत लाकडी चिमण्या-राघूंचे चिमणाळे. बाराव्या दिवशी बारसे करून मुलाला पाळण्यात घालायचे आणि आत्याने कानात नाव सांगायचे, ही महाराष्ट्राची घरोघरची रीत. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला देवही पाळण्यात बसतो. याच भागात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल, ज्यांच्या पेणकर, रोहेकर अशा आडनावांत आपली गावे अजून जिवंत आहेत, त्यांच्याही घरी मुलाला पाळण्यात घालण्याचा समारंभ होत असे. चौल-रेवदंडा-कोर्लईकडील जुन्या ख्रिस्ती घरांत तुळईच्या अशाच कड्या आम्ही पाहिल्या आहेत. स्नानसंस्कार चर्चमध्ये झाला तरी पाळण्याची हौस कुणी सोडली नाही, आणि सोडावी असे त्यात काही नव्हतेही.

ज्यांच्याकडे पाळणा नव्हता त्यांच्याकडे झोळी होती. जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे तुळईला किंवा झाडाच्या फांदीला बांधले की झोळी तयार. भातलावणीच्या दिवसांत खारेपाटात बांधावरच्या झाडाला झोळी टांगलेली दिसे. कातकरी बांधव वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात तेव्हा आजही त्यांच्या खोपटाशेजारी तीन बांबूंच्या तिकाटीला झोळी बांधलेली आढळते. आई हाताने विटा थापते आणि मधूनच एक हिसका देऊन झोळी हलवते.

आता, मूल टांगूनच का ठेवायचे? झोका मिळतो हे एक कारण झाले. दुसरे कारण जमीन हे आहे. कोकणातल्या जमिनीवर निजणे हे धोक्याचे काम होते व आहे. तांबडा विंचू लहान मुलाला डसला तर हृदय निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकापासून याच जिल्ह्यात अशा रुग्णांच्या उशाशी बसून त्या विषाचा अभ्यास केला. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर गुणकारी ठरते असे दाखवून दिले आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू फार खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाहून वाईट मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाला डसते आणि पुष्कळदा डसल्याचे कळतही नाही. ज्या पूर्वजांनी तान्ह्याला जमिनीपासून कमरेएवढे वर टांगले, त्यांना हे सारे पुस्तकावाचून ठाऊक होते. आजींच्या झोळीला शास्त्र नाही असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

परंतु एक बारीक गोष्ट आजींच्या बोलण्यात निसटली होती. पाळणा आणि झोळी ही प्रामुख्याने दिवसाची सोय. रात्र आईची असे. सुंभाने विणलेल्या बाजेवर बाळंतीण आणि तिच्या कुशीत मूल. बाजेखाली शेक देणारी शेगडी. सव्वा महिना उलटला की चटई आणि त्यावर पातळ गोधडी. त्या व्यवस्थेत काही गोष्टी नकळत उत्तम होत्या. अंथरूण टणक होते. आईच्या डोक्याखाली उशी असलीच तर एक. मूल बहुधा पाठीवर निजवले जाई. घरात चार बायका, आणि त्यांतली एक तरी रात्री जागी. काही गोष्टी मात्र मुळीच चांगल्या नव्हत्या, आणि त्यांचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. बंद खोलीतली निखाऱ्यांची शेगडी भाजते आणि गुदमरवतेही. आंघोळीनंतरची धुरी तान्ह्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. डोके गोल व्हावे म्हणून दिलेली मोहरीची उशी मान पुढे वाकवते. कुंची, दुपटे आणि वर घोंगडी अशा थरांत मूल घामाघूम होते, आणि अति उष्णता तान्ह्याला थंडीइतकीच घातक असते.

मग त्या कुशीत मूल कधी दबत नसे काय? या प्रश्नाला बायबलमध्येच फार जुने उत्तर आहे. शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे : एक मूल, दोन आया, राजाची तलवार. प्रवचनात आम्ही नेहमी तलवारीवर बोलतो. पण खटला मुळात का उभा राहिला? राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात कारण स्पष्ट दिले आहे. दोघींपैकी एकीचे मूल रात्री तिच्या अंगाखाली येऊन मेले होते. शहाण्या राजाची कीर्ती ज्या कथेने झाली तिच्या पहिल्याच प्रसंगात एक मेलेले तान्हे आहे, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

युरोपातील ख्रिस्तसभेने मात्र पाहिले, आणि प्रथम कठोरपणे पाहिले. मध्ययुगाच्या आरंभापासून पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी प्रायश्चित्तांच्या संहिता लिहिल्या जात. त्यांत, मूल अंगाखाली येऊन दगावले तर आईबापांना किती काळ उपवास करायला सांगावा, याची कलमे आढळतात. अकराव्या शतकाच्या आरंभी वर्म्सचे बिशप बुर्खार्ड यांनी सिद्ध केलेल्या मोठ्या संग्रहात धर्मगुरूने विचारायच्या प्रश्नांत हाही प्रश्न आहे. नकळत घडले असले तरी प्रायश्चित्त आहेच. त्या काळी नको असलेले मूल मुद्दाम दडपण्याचेही प्रकार होत आणि खरेखोटे ठरवणे अवघड असे, हे मान्य केले पाहिजे. तरीही एका झोपडीत, एका अंथरुणावर, थंडीत सारे कुटुंब निजत असताना मूल आणखी कोठे ठेवायचे होते, हे त्या संहिता सांगत नाहीत.

तेराव्या शतकात थोडी समज आली. इंग्लंडातील सॅल्सबरीचे बिशप रिचर्ड पुअर यांनी १२१७ ते १२१९ च्या दरम्यान आपल्या धर्मप्रांतासाठी नियम केले. त्यांत धर्मगुरूंना आज्ञा आहे की स्त्रियांना सावध करावे : तान्ह्यांना रात्री अंथरुणात अगदी जवळ घेऊ नये, आग किंवा पाणी जवळ असताना त्यांना एकटे सोडू नये. आणि हे दर रविवारी सांगावे. दर रविवारी! आठशे वर्षांपूर्वी एका बिशपला जी गोष्ट व्यासपीठावरून सांगण्याजोगी वाटली, ती आम्ही पंचवीस वर्षांत एकदाही सांगितली नाही.

सूचना झाली, शिक्षा झाली. साधन कोणी दिले? आमच्या वाचनात त्याचे उत्तर फ्लॉरेन्स नगरीत मिळाले. तेथे सोडून दिलेल्या मुलांसाठी 'निष्पापांचे रुग्णालय' १४४५ पासून चालत असे. ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या त्याच्या दर्शनी भागावर लंगोटबंद बाळांच्या निळ्या-पांढऱ्या मूर्ती आजही दिसतात. तेथील मुले, आणि शहरातील सधन घरांतील मुलेही, अंगावर पाजणाऱ्या दाईंकडे दिली जात. दिवसभर राबलेल्या दाईला रात्री पाजता पाजता झोप लागली की अनर्थ होई. त्यावर फ्लॉरेन्सच्या सुतारांनी 'आर्कुच्चो', म्हणजे लहानशी कमान, तयार केली. १७३२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन आणि चित्र छापून आले आहे. डोक्याकडे एक फळी. तिला दोन्ही बाजूंनी अर्धवर्तुळाकार खाचा, म्हणजे दाईला पाजता यावे. मुलाच्या अंगावरून गेलेली एक आडवी दांडी, पाजताना दाईने तिच्यावर रेलावे. आणि त्या दांडीला आधार देणारी लोखंडी कमान. लांबी साधारण सव्वातीन फूट. ही चौकट दाईच्याच अंथरुणात ठेवायची आणि मूल तिच्या आत निजवायचे. हिवाळ्यात पांघरूण वरून घेतले तरी ते कमानीवर राहते, मुलाच्या तोंडावर येत नाही. त्या वर्णनात असेही नमूद आहे की फ्लॉरेन्समधील प्रत्येक दाईवर मूल आर्कुच्चोत निजवण्याचे बंधन आहे, न पाळल्यास धर्मबहिष्कार. इतक्या मोठ्या शिक्षेचा धाक एका लाकडी चौकटीसाठी घातला गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला माहीत नाही. रोह्याच्या त्या खोलीतली कॉट ही याच आर्कुच्चोची नात म्हणायची. कल्पना तीच : मूल आईच्या हाताशी, पण तिच्या अंगाच्या भारापासून वेगळे.

आर्कुच्चो युरोपभर पसरला नाही. गरिबी आणि गर्दी मात्र पसरली. १८९२ साली स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस शल्यचिकित्सक चार्ल्स टेम्पलमन यांनी गुदमरून मेलेल्या २५८ अर्भकांचा आढावा छापला. गिरणी कामगारांच्या कोंदट खोल्या, एका अंथरुणात सारे कुटुंब, आणि अशा मृत्यूंचे शनिवारच्या रात्री वाढलेले प्रमाण. शनिवार हा पगाराचा, आणि म्हणून दारूचा दिवस. टेम्पलमन यांनी आयांच्या अज्ञानाला आणि निष्काळजीपणाला बोल लावला. १९०८ च्या कायद्याने दारूच्या नशेत मुलाला शेजारी घेऊन निजून त्याच्या मृत्यूस कारण होणे हा इंग्लंडात गुन्हा ठरला. आमच्या वाचकांतील पुरुषमंडळींनी येथे क्षणभर थांबावे. पलंगावर तीन माणसे असतात, आणि पिऊन निजणारा बहुधा आई नसते.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य घरांत मुलाला वेगळी खोली आणि वेगळी कॉट मिळाली. आता मूल अंगाखाली येण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही मुले मरतच राहिली. एकटी, स्वच्छ कॉटमध्ये, कोणी जवळ नसताना. म्हणजे युगानुयुगे आयांवर ठेवलेला आरोप निदान सर्वांच्या बाबतीत खरा नव्हता. १९६९ साली अमेरिकेत सिअॅटल येथे भरलेल्या परिषदेत या मृत्यूंना 'अर्भकाचा आकस्मिक मृत्यू' असे स्वतंत्र नाव मिळाले. कारणाचा शोध मात्र भलत्याच वाटेने गेला होता. मूल पालथे निजवावे, उलटी झाली तर घशात जात नाही, असा सल्ला तिकडचे डॉक्टर देत होते. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकानेही १९५० च्या दशकापासून तोच दिला. १९८५ साली हाँगकाँगमधून डॉ. डेव्हिस यांनी लिहिले की येथे असे मृत्यू विरळा आहेत, आणि येथील आया मुलांना पाठीवर निजवतात. १९८७ साली हॉलंडने, १९९१ साली ब्रिटनने आणि १९९४ साली अमेरिकेने 'पाठीवर निजवा' अशी मोहीम काढली. त्या त्या देशांत काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. एवढी मोठी घट कोणत्याही औषधाने झालेली नव्हती. मूल फक्त उताणे केले गेले. आपल्या आज्या ते आधीपासूनच करत होत्या. पण आपल्याकडेही "पोटावर नीट निजतं" म्हणून पालथे घालणारी घरे आहेत, म्हणून हे सांगितले.

आता आपण पुन्हा कुंडलिकेच्या काठी येऊ. गेल्या तीसचाळीस वर्षांत पेण आणि रोहा येथील घर बदलले. तुळई गेली, सिमेंटचा स्लॅब आला; त्यात कडी बसवायची आठवण ज्याला राहिली त्याचेच नशीब. चटई गेली, दोन हात उंच पलंग आणि त्यावर वीतभर जाडीची फोमची गादी आली. सासूबाई दुसऱ्या खोलीत गेल्या किंवा गावी राहिल्या. मूल मात्र पूर्वीप्रमाणेच आईच्या कुशीत राहिले. म्हणजे रीत जुनी राहिली आणि तिच्या खालची जमीन बदलली. टणक गोधडीवर जे चालत असे, ते मऊ फोमवर चालत नाही. आईच्या भाराने गादीला खळगा पडतो आणि मूल त्यात घरंगळते. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मूल अडकते. पलंगावरून पडले तर खाली लादी असते. आजींना आम्ही त्या दिवशी हेच सांगायला हवे होते : तुमची कुशी चुकीची नव्हती, आजी, पण तिच्याखाली गोधडी होती.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली पुन्हा सांगितले आहे की मूल निदान सहा महिने आईच्याच खोलीत, पण आपल्या स्वतंत्र, टणक, सपाट अंथरुणावर, पाठीवर निजावे. म्हणजे फ्लॉरेन्सचाच तोडगा, धर्मबहिष्कार वगळून. पलंगाशेजारची कॉट त्यासाठी सोयीची खरी, परंतु ती नीट निवडली आणि नीट जोडली तरच. दुकानात तिच्यावरची झालर आणि अस्वले पाहू नयेत. तळावर तळहाताने दाबून पाहावे. गादी दबून खळगा राहिला तर ती नको. गादी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक जागा नसावी. दांड्या असतील तर त्यांच्यामधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नको, नाहीतर अंग निसटते आणि डोके अडकते. तळ पूर्ण सपाट हवा. डोक्याकडे उंच केलेली, उतरती शय्या मुलाची हनुवटी छातीवर टेकवून श्वास कोंडते. २०१९ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला अशा सुमारे सत्तेचाळीस लाख शय्या परत मागवाव्या लागल्या आणि २०२२ साली तेथे त्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. झोळीतही मूल असेच वाकते, हे येथे सांगितलेच पाहिजे. झोळी मोडीत काढा असे आम्ही म्हणत नाही. ती दिवसा, जागत्या माणसाच्या डोळ्यांसमोर, थोड्या वेळापुरती असावी. झोप लागली की मूल सपाट जागी ठेवावे.

खरी गोम आहे ती पलंग आणि कॉट यांच्या सांध्यात. कॉटची गादी आणि पलंगाची गादी एका पातळीवर हव्यात, आणि त्यांच्यामध्ये बोटभरही फट नको. कॉट पट्ट्यांनी पलंगाच्या चौकटीला, म्हणजे गादीला नव्हे, घट्ट आवळायची. आपल्याकडचे सुताराने केलेले पलंग कधी फार उंच असतात, कधी त्यांना खालून पेटी असते आणि पट्टा गुंडाळायला जागाच नसते. म्हणून विकत घेण्यापूर्वी पलंगाची उंची मोजून न्यावी. फट राहिलीच तर ती उशीने किंवा दुपट्याने बुजवू नये. बुजवलेली फट ही उघड्या फटीहून वाईट, कारण ती दिसत नाही. जोडणी जमत नसेल तर चौथी बाजू वर करून कॉट हातभर अंतरावर स्वतंत्र ठेवावी. आईला उठावे लागेल एवढेच. आई खोलीत नसतानाही चौथी बाजू वरच असावी. आत उशी नको, खेळणे नको, सैल पांघरूण नको, गळ्यात काळा दोरा नको. आणि रोझरीची माळ कॉटच्या दांडीला अडकवण्याची पद्धत आपल्या घरांत आहे, तीही नको. माळ भिंतीवर शोभते. डासांसाठी मच्छरदाणी हवीच, मात्र ताणून बसवलेली, मुलाच्या तोंडावर न पडणारी. जमिनीवर निजणाऱ्या घरांत तर ती आईच्या आणि बाळाच्या अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली असावी. मण्यारीचे भय तेवढ्याने पुष्कळ कमी होते. तेथे कॉटही नको. आईच्या चटईला लागून घडी केलेल्या पातळ गोधडीचे वेगळे अंथरूण पुरते. रात्री पाजताना आईला डुलकी लागते, त्यात पाप नाही. जाग आली की मूल आपल्या जागी ठेवावे. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत मूल उराशी घेऊन झोपणे मात्र फार धोक्याचे. आणि मूल हातांवर रेटून उठू लागले, म्हणजे साधारण पाचसहा महिन्यांचे झाले, की या कॉटचे काम संपले. तिची बुटकी बाजू मग त्याला अडवत नाही.

हे सारे सांगणार कोण? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार करून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते प्रसिद्ध झाले. त्याच वाटेने पुढे देशभर आशाताई नवजात बाळाला घरी भेटू लागल्या, पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा. त्या आल्या की बाळ रात्री निजते ती जागा त्यांना मुद्दाम दाखवावी. ज्या घरी त्या पोचत नाहीत तेथे धर्मगुरू पोचतो. स्नानसंस्काराच्या तयारीवर्गात अर्धा तास या विषयाला द्यायचा असे आम्ही ठरवले आहे. वडिलांनी येणे सक्तीचे.

हे वाचन झाल्यावर आम्ही त्या जुन्या गावी जाऊन आलो. अडीच महिन्यांचे मूल गेलेल्या त्या माउलीला आता नातवंडे आहेत. सॅल्सबरी आणि फ्लॉरेन्स त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. एवढेच सांगितले की अशी मुले आईपासून दूर, वेगळ्या खोलीतही गेली आहेत, हजारोंनी. का गेली हे डॉक्टरांनाही सर्वस्वी उमगलेले नाही. आणि त्या दिवशी दफनभूमीत जे बोलले गेले ते बोलण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, व आम्ही ते थांबवायला हवे होते. "मग माझ्यामुळं नव्हतं का, फादर?" त्यांनी विचारले. माझ्यामुळे नव्हते असे शपथेवर सांगणे आम्हांला शक्य नव्हते, तसे होते असे म्हणणेही कोणाला शक्य नव्हते, तेच सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग आत जाऊन त्यांनी एक दुपटे आणून दाखवले. ते त्यांनी इतकी वर्षे कोणालाही दाखवले नव्हते.

रोह्याच्या घरी डिसेंबरात मुलगी झाली. नाताळानंतर आम्ही गेलो तेव्हा आजी दिवसा झोळी हलवत बसल्या होत्या. स्लॅबला कडी नव्हती, म्हणून मुलाने लोखंडी चौकट आणून दिली आहे. रात्री मूल कॉटमध्ये निजते. निजण्यापूर्वी कॉटचे पट्टे ओढून पाहण्याचे काम आजींनी स्वतःकडे घेतले आहे. डाव्या बाजूचा पट्टा दर दोनतीन दिवसांनी सैल होतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. मुलाने कंपनीला कळवले. उत्तर आलेले नाही. आजींनी तोवर तेथे नाडीची एक जादा गाठ मारून ठेवली आहे, आणि गाठीचे टोक बाहेरच्या बाजूला, बाळाचा हात पोचणार नाही असे, आत वळवले आहे.